संथ पाणी कोणाचें?

(शास्त्रपाठ : २ शमुवेल २३:१३–१७, अनुवाद ६:१०–१२)

ख्रिस्ती मनुष्यानें केवळ मनाच्या विसाव्यासाठीं एखाद्या रम्य ठिकाणीं फिरावयास जाणें योग्य आहे कीं नाहीं, असा प्रश्न खेड्यांतील मंडळ्यांत अलीकडे वारंवार निघूं लागला आहे. पूर्वीं तो निघत नसे. कारण आपल्या लोकांस तशी फुरसतही नव्हती आणि जाण्यायेण्याचें साधनही नव्हतें. आतां वाडीवाडींत एखाददुसरी मोटारसायकल आहे. रविवारची उपासना आटोपली कीं तरुण मुलें चारसहा जण मिळून एखाद्या धरणाच्या कांठीं जातात, पाण्याच्या कडेनें हिंडतात, फोटो काढतात आणि दिवस मावळतां घरीं येतात. वडील माणसांस हें रुचत नाहीं. प्रभूचा दिवस हिंडण्यांत घालविणें हें ऐदी लोकांचें काम, असें तीं म्हणतात. प्रचारक बंधु मध्यें सांपडतात, आणि कोणाची बाजू घ्यावी हें त्यांस समजत नाहीं.

परंतु ह्या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न आहे, आणि तो पहिल्यापेक्षां पुष्कळ जड आहे. कांहीं तरुण हेटवण्याच्या धरणावरून आले व खारेपाटांतील एका वृद्ध भगिनीपुढें तेथील शोभेचें वर्णन करूं लागले. तिनें सर्व ऐकून घेतलें आणि म्हटलें, “बाबांनो, शोभा पाहून आलांत तें बरें केलेंत. पण त्यांतला एक हंडा आमच्या दारीं येता, तर आम्हींही देवाची स्तुति केली असती.” हा टोमणा नव्हे. ज्या पाण्याकडे पाहून माझें मन निवतें तें पाणी कोणाचें, तें कोणाच्या शेतावर उभें आहे, आणि कोणाच्या दारावरून पुढें निघून गेलें आहे, हा तो प्रश्न होय. पहिल्या प्रश्नाचें उत्तर ह्या दुसऱ्यावांचून अपुरें राहतें. सबब दोहोंचाही विचार येथें क्रमानें करूं.

प्रथम त्या ठिकाणाचें वर्णन थोडक्यांत केलें पाहिजे. पेण व नागोठणें ह्यांच्या दरम्यान, मुंबई–गोवा महामार्गावर व पनवेल–रोहें लोहमार्गावर कासू हें गांव आहे. कासूस उभें राहून पश्चिमेकडे पाहिलें तर सपाट खारजमीन, भाताचीं खाचरें, समुद्राचें पाणी आंत येऊं नये म्हणून घातलेले बांध, आणि त्यांपलीकडे धरमतरची खाडी. पूर्वेकडे तोंड केलें तर सह्याद्रीचे फांटे व त्यांच्या कुशींतील ठाकूर-कातकऱ्यांच्या वाड्या. त्याच डोंगराळ बाजूस, पेणच्या पूर्वेस, भोगेश्वरी नदीवर हेटवण्याचें मातीचें धरण आहे. पावसाळा सरल्यावर तेथें गेलें असतां तीन बाजूंस हिरवे डोंगर आणि मध्यें आरशासारखें पाणी दिसतें. उथळ जागीं बगळे उभे असतात, वठलेल्या झाडावर पाणकावळा पंख पसरून बसलेला असतो, आणि खंड्या तीरासारखा खालीं येऊन मासा घेऊन जातो. महामार्गावरील गाड्यांचा आवाज तेथें पोहोंचत नाहीं. थकलेल्या जिवास तेथें विसावा वाटावा ह्यांत नवल तें काय?

आतां पहिला प्रश्न. अशा शोभेचा आनंद घेणें हें पाप आहे काय? पवित्र शास्त्र तसें कोठेंही शिकवीत नाहीं. एकशेंचाराव्या स्तोत्रांत खोऱ्यांतून वाहणारे झरे, फांद्यांवर गाणारे पक्षी व खडकांत राहणारे ससे ह्या सर्वांची गणना देवाच्या स्तुतींतच केली आहे. आपल्या प्रभूनें तर शिष्यांस आकाशांतील पांखरें व रानांतील फुलें ह्यांकडे लक्ष द्यावयास सांगितलें. आणि ज्यानें फूल नीट न्याहाळलेंच नाहीं तो ही आज्ञा कशी पाळणार? मार्काच्या सहाव्या अध्यायांत असें आहे कीं, लोकांची वर्दळ इतकी होती कीं शिष्यांस जेवावयासही सवड मिळेना. तेव्हां प्रभूनें त्यांस एकांतीं चलून थोडा विसावा घ्यावयास सांगितलें. म्हणजे विसावा ही आपण चोरून घेतलेली वस्तु नसून खुद्द धन्यानें देऊं केलेली आहे.

आपल्या मराठी मंडळीसही ही दृष्टि परकी नाहीं. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) ह्यांस महाराष्ट्र फुलामुलांचे कवि म्हणून ओळखतो. ते पाळक होते, उपदेशक होते. तरी फुलासमोर थांबणें हें त्यांस आपल्या सेवेच्या आड येणारें वाटलें नाहीं.

तरी येथें एक भेद ध्यानांत ठेविला पाहिजे. शहरांतील मनुष्य दिवसभर खुर्चीवर बसून संध्याकाळीं पाय मोकळे करावयास निघतो. त्यास चालणें हाच विसावा. पण जी बाई पहांटे उठून डोक्यावर दोन हंडे घेऊन पाणवठ्याकडे चालत जाते, दिवसभर चिखलांत लावणी करते किंवा वीटभट्टीवर विटा वाहते, तिला आणखी चालण्याची गरज नाहीं. तिला बसण्याची गरज आहे. शब्बाथाच्या आज्ञेंत देवानें विसावा दिला तो घरधन्यासच नव्हे, तर त्याच्या दासास, दासीस, बैलास व त्याच्या वेशीच्या आंत राहणाऱ्या परक्यासही दिला. तेव्हां जो पुरुष आपण एकटा तळ्याकांठीं फिरावयास जातो आणि घरच्या बाईस चुलीपाशीं ठेवतो, त्यानें शब्बाथ पाळला असें म्हणतां येत नाहीं. वडील माणसांनीं विचारावयाचें तें हें कीं, ह्या विसाव्यांत दासदासींचा वांटा आहे काय? फिरावयास गेलां कां, हा प्रश्न नव्हे.

येथवर तरुणांची बाजू झाली. आतां दुसऱ्या प्रश्नाकडे वळूं.

गालीलाचा समुद्र देवानें केला. हेटवण्याचा जलाशय मनुष्यानें केला. नदी देवाची, पाऊस देवाचा, परंतु तें पाणी तेथें थांबलें आहे तें भिंत घातल्यामुळें. आणि भिंतीच्या मागें जें खोरें भरलें तें कांहीं रिकामें नव्हतें. अशा प्रत्येक खोऱ्यांत सपाट व सुपीक जमीन असते ती नदीच्या कांठीं, आणि प्रथम बुडते तीही तीच. शेत, खळें, विहीर, आंब्याचें झाड, पूर्वजांचीं स्मशानें, मुलें जेथें खेळलीं तें अंगण, हें सर्व पाण्याखालीं जातें. ज्याच्या नांवें सातबारा असतो त्यास कांहीं मोबदला मिळतो. पण ज्या कातकऱ्याच्या नांवें कागदच नव्हता, जो पिढ्यान् पिढ्या रानांतील कंदमुळांवर व नदीच्या मासळीवर जगला, त्याचें काय बुडालें हें मोजावयास सरकारी दप्तरांत रकानाच नसतो.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून आपल्याच जिल्ह्याशीं जोडलेलें एक जुनें उदाहरण घेऊं. रोह्यावरून कुंडलिका नदी वाहते. कोंकणांतील बहुतेक नद्या उन्हाळ्यांत आटतात. कुंडलिकेस मात्र वैशाखांतही पाणी असतें. कोलाडनजीक डोलवहाळच्या बंधाऱ्यावर तें अडवितात व कालव्यांनीं शेतांस नेतात. कोलाडास पुष्कळ लोक होडींतून त्याच प्रवाहावर गंमत करावयास येतात. हें पाणी कोठून येतें? सह्याद्रीच्या माथ्यावर, घाटापलीकडे, पुणें जिल्ह्यांत मुळशीचें धरण आहे. तेथें अडविलेलें पाणी पूर्वेकडे आपल्या वाटेनें जाण्याऐवजीं पश्चिमेकडे वळवून कड्यावरून नळांतून खालीं भिऱ्याच्या वीजघरांत सोडतात. १९२७ सालीं तें वीजघर चालू झालें. वीज मुंबईकडे गेली आणि चक्रें फिरवून झालेलें पाणी कुंडलिकेंत आलें.

त्या धरणासाठीं मुळशी खोऱ्यांतील पन्नासांच्या आसपास गांवांवर संकट आलें. तीं मावळ्यांचीं भातशेतीचीं गांवें होतीं. १८९४ च्या भूसंपादनाच्या कायद्यानें जमीन घ्यावयाची म्हटलें म्हणजे शेतकऱ्यास हो किंवा नाहीं म्हणण्याचा अधिकारच नव्हता. किती पैसे, एवढाच काय तो वाद. १९२१ च्या एप्रिलांत, रामनवमीच्या दिवशीं, तेथील शेतकऱ्यांनीं सत्याग्रह आरंभिला. पांडुरंग महादेव बापट हे त्यांचे पुढारी झाले व त्यामुळेंच महाराष्ट्र त्यांस सेनापति म्हणूं लागला. बायाही बांधकामावर जाऊन बसल्या. पुष्कळांस तुरुंगवास झाला. १९२४ पर्यंत लढा चालला, आणि तो हरला. धरण पुरें झालें.

आतां विचार करा. रोहें-माणगांवकडील एखादा गरीब शेतकरी कालव्याच्या पाण्यावर उन्हाळी भात घेतो. त्यानें मुळशीच्या कोणाचें कांहीं हिरावून घेतलें नाहीं. त्याचा तेव्हां जन्मही झाला नव्हता. तरी त्याच्या ताटांतील घांस आणि डोंगरापलीकडे बुडालेलें तें शेत ह्यांच्यामध्यें एक धागा आहे. तो त्यानें पाहिला नाहीं म्हणून तो तुटत नाहीं.

हेटवण्याची गोष्ट ह्याच्या उलट टोंकानें पाहावयाची. त्याचें पाणी नळांनीं नवी मुंबईच्या नव्या वसाहतींकडे जातें. तेथेंही माणसेंच राहतात व त्यांसही तहान आहे, हें विसरतां कामा नये. पण त्याच पेण तालुक्याच्या खारेपाटांत, वाशी-शिर्कीकडील गांवांत, कित्येक वर्षें बायांनीं फाल्गुनापासून टँकरची वाट पाहिली आहे. विहीर खणावी तर खारें पाणी लागतें. डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरांत गोडें पाणी भरलेलें, आणि घरांत घागर रिकामी! त्या वृद्ध भगिनीचा उद्गार ह्याच ठिकाणाहून आला आहे.

पाणी संथ आहे एवढ्यावरून तेथें न्याय नांदतो असें होत नाहीं. आपल्याच रायगड जिल्ह्यांत महाडचें चवदार तळें आहे. जिल्ह्याचें नांव तेव्हां कुलाबा होतें. तें तळेंही संथ होतें. गुरें त्यांत पाणी पीत. परंतु अस्पृश्य म्हणून गणलेल्या माणसांस तेथें मनाई होती. १९२३ सालीं रा. ब. सीताराम केशव बोले ह्यांनीं मुंबईच्या कायदेमंडळांत सार्वजनिक पाणवठे सर्वांस मोकळे करण्याचा ठराव आणिला. महाडच्या नगरपालिकेनें १९२४ त तळें मोकळें केल्याचें जाहीर केलें. तरी कोणास धीर होईना. शेवटीं २० मार्च १९२७ रोजीं डॉ. भीमराव आंबेडकर आपल्या लोकांसह तेथें गेले व ओंजळभर पाणी प्याले. त्यापायीं त्यांच्या लोकांनीं मार खाल्ला. तळें बाटलें म्हणून त्याची शुद्धि करण्यांत आली. आणि हायकोर्टाचा निकाल त्यांच्या बाजूनें लागावयास १९३७ साल उजाडलें. त्या तळ्यावर त्या दिवसापर्यंत जी शांति होती ती कसली शांति म्हणावी? ज्यास आंत यावयाचें धैर्य नव्हतें त्याच्या मुकेपणाची ती शांति होती. आपल्यांपैकीं ज्यांच्या आजेपणज्यांनीं असे पाणवठे दुरून पाहिले त्यांस हें समजावून सांगावयास नको.

तर मग करावें काय? येथें दावीद राजाचें उदाहरण आपणांस वाट दाखवितें.

दावीद गडांत होता आणि पलिष्ट्यांचें ठाणें बेथलेहेमांत होतें. बेथलेहेमच्या वेशीजवळील विहीर ही त्याच्या बाळपणची विहीर. तिचें पाणी कोणी पाजील तर किती बरें, असें तो सहज बोलून गेला. त्यानें आज्ञा केली नव्हती. परंतु त्याचे तीन वीर शत्रूच्या छावणींतून वाट काढून गेले आणि पाणी घेऊन आले. दाविदानें तें प्यालें नाहीं. ज्यांनीं आपला जीव धोक्यांत घातला त्यांचें तें रक्तच आहे असें मानून त्यानें तें परमेश्वरापुढें ओतिलें.

हें पाणी पुन्हां विहिरींत नेऊन घालतां आलें नसतें. वीरांनीं पत्करलेला धोकाही माघारा घेतां आला नसता. मग ओतून काय साधलें? साधलें तें हें कीं, दुसऱ्याच्या जिवावर माझी लहर भागणें हा माझा हक्क आहे, असें त्यानें मानिलें नाहीं. पाण्याची किंमत त्यानें ओळखली, ती बोलून दाखविली, आणि तें पाणी आपलें न समजतां देवाचें समजला.

ह्यांत आणखी एक खोल गोष्ट आहे. ते तीन वीर आपखुषीनें गेले होते. त्यांनीं आनंदानें दिलेलें दान घेतांनाही दाविदाचा हात कांपला. मग ज्याचें शेत न विचारतां घेतलें, त्याच्या बाबतींत आपला हात किती कांपावा?

येथें कोणी विचारी वाचक म्हणेल, “थोड्यांचें नुकसान होऊन पुष्कळांचें कल्याण झालें तर त्यांत वाईट काय? विजेनें दवाखाने चालतात, पाण्यानें शहरें जगतात. आणि ख्रिस्त तरी एकटा सर्वांसाठीं मेला ना?” हा आक्षेप वरवरचा नाहीं. धरणें नकोत असें आमचें म्हणणें नाहीं; ज्या देशांत पाऊस चार महिने पडतो त्यास पाणी सांठविल्यावांचून गत्यंतर नाहीं. परंतु योहानाच्या अकराव्या अध्यायांत लोकांसाठीं एकानें मरावें हें आपल्या हिताचें, असें म्हणणारा कोण होता तें पाहा. तो कयफा होता. त्यानें दुसऱ्याचा जीव हिशेबांत धरिला आणि आपला बाहेर ठेविला. प्रभूनेंही सर्वांसाठीं मरण पत्करिलें; पण त्याच्यापासून कोणी तें हिरावून घेतलें नाहीं, आपण होऊन त्यानें दिलें. दिलेला यज्ञ आणि घेतलेला बळी ह्यांत जमीनअस्मानाचें अंतर आहे. बाहेरून दोन्ही सारखे दिसतात, म्हणून सत्तावान् मनुष्य दुसऱ्यास नेहमीं आपण होऊन दिल्याचें पांघरूण घालतो. ज्याचें जातें त्यास विचारणें, त्याचें ऐकणें, तो नाहीं म्हणाला तर थांबणें, आणि घेतलेंच तर त्यास आपल्याहून आधीं लाभ पोंचविणें, एवढें झाल्याखेरीज त्यागाचें नांव घेणें हें कयफाचें बोलणें होय. धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा पहिला कायदा ह्या राज्यांत १९७६ सालीं झाला. म्हणजे मुळशीकरांच्या सत्याग्रहानंतर अर्धें शतक लोटावें लागलें.

दुसरा आक्षेप असा : “मी धरण बांधलें नाहीं, मला दोष कां?” बरोबर आहे. तुम्हांस दोष नाहीं. पण दोष निराळा आणि ऋण निराळें. बापानें लावलेल्या आंब्याचीं फळें मुलगा खातो. त्यांत त्याचा दोष नाहीं, ऋण आहे. इस्राएल लोक कनान देशांत जाणार त्याच्या आधीं मोशेनें त्यांस बजाविलें कीं, न बांधलेलीं नगरें, न खणलेल्या विहिरी व न लावलेले द्राक्षमळे तुम्हांस मिळतील. तेव्हां खाऊन तृप्त झाल्यावर देवाला विसरूं नका. त्या विहिरींचें पाणी पिऊं नका असें मोशे म्हणाला नाहीं. पिऊन विसरूं नका, असें म्हणाला. विस्मरणालाच तो भ्याला. आपल्या मराठी शास्त्रांत प्रभूच्या प्रार्थनेमध्यें पापाबद्दल ऋण हाच शब्द आला आहे, आणि आपण तो दर उपासनेंत उच्चारितों. पाणी दिसलें म्हणून देवाचे आभार मानावयाचे आणि ज्याच्या शेतावर तें उभें आहे त्याची आठवणही ठेवावयाची नाहीं, हें देवास पसंत पडेल काय? ज्यास आपण पाहिलें आहे त्या भावावर जो प्रीति करीत नाहीं, त्यानें न पाहिलेल्या देवावर प्रीति करतों म्हणणें व्यर्थ, असें योहान प्रेषितानें लिहून ठेविलें आहे.

ह्यावरून दोन चुका टाळावयाच्या आहेत. एक अहाबाची. त्यास नाबोथाचा द्राक्षमळा पाहिजे होता तो कशासाठीं? राजवाड्याजवळ भाजीचा बगीचा करावा म्हणून. मागणी दिसावयास साधी. बदला किंवा पैसा देण्यासही तो तयार होता. परंतु नाबोथाला ती वाडवडिलांची ठेव होती, आणि ती त्यानें विकली नाहीं म्हणून त्याचा जीव गेला. अहाब मग उठून मळा पाहावयास निघाला. शोभिवंत बगीच्यांत हिंडतांना खालच्या मातीचा इतिहास विचारावयाचा नाहीं, ही ती चूक. दुसरी चूक ह्याच्या उलट. कांहीं जण म्हणतात, अशा ठिकाणीं जाणेंच नको, त्या पाण्याकडे पाहणेंही पाप. पण त्यांच्या न जाण्यानें बुडालेलें एकही शेत वर येत नाहीं आणि खारेपाटांत एकही घागर भरत नाहीं. त्या त्यागांत मीच तेवढा शुद्ध, असा अहंकार मात्र शिरतो.

मधली वाट ऋणकऱ्याची. ऋणकरी जेवतो, निजतो, हंसतोही. पण कोणाचें देणें आहे हें तो जाणतो आणि हप्त्याहप्त्यानें फेडतो. आपल्या मंडळ्यांनीं हें देणें कसें फेडावें ह्याविषयीं थोड्या साध्या सूचना करितों.

धरणाकांठीं जा, तर मुकाट्यानें जा व स्वच्छ परत या. तें पाणी कोणाच्या तरी मुखीं जावयाचें आहे. त्यांत उष्टें, कागद, बाटल्या टाकणें म्हणजे शेजाऱ्याच्या घागरींत थुंकणें होय. खोल पाण्यांत पोहण्याची पैज लावूं नका. अशा जलाशयांचा तळ एकाएकीं खोल होतो, व तरुणांचे जीव जातात. वाटेंत ठाकूर-कातकरी बाया करवंदें, जांभळें, रानभाज्या घेऊन बसतात. त्यांच्याशीं दोन पैशांसाठीं घासाघीस करूं नका. ज्या डोंगराची शोभा तुम्ही फुकट पाहिली तो डोंगर त्यांचा आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनीं मुलांस तेथें न्यावें, पक्ष्यांचीं व झाडांचीं नांवें सांगावीं, आणि त्याचबरोबर पाण्याखालीं गेलेल्या जागांचीं नांवें म्हाताऱ्या माणसांकडून विचारून घेऊन तींही पाठ करवावीं. नांव उच्चारणें हीही एक परतफेड आहे.

परंतु एवढ्यावर थांबूं नये. ग्रामसभेंत पाण्याची गोष्ट निघते तेव्हां ख्रिस्ती माणूस मागल्या रांगेंत गप्प बसतो, असें पुष्कळ ठिकाणीं दिसतें. ज्या गांवास नळ आला आहे तेथील मंडळीनें, ज्या गांवास आला नाहीं त्याच्या मागणीवर सह्या कराव्यात, त्यांच्याबरोबर कचेरींत जावें. आपल्या घरीं पाणी आलें म्हणजे आपलें काम संपलें असें मानणें हें दाविदाच्या कृतीच्या अगदीं उलट आहे. आणि सर्वांत कठीण गोष्ट सांगावयाची ती अशी : आपल्या स्वतःच्या पाणवठ्याकडे पाहा. चवदार तळ्याची गोष्ट ऐकून आपला ऊर भरून येतो; पण आपल्या मंडळींत पूर्वींच्या एका जातीचे लोक दुसऱ्या जातींतून आलेल्यांच्या घरीं पाणी पितात काय? आपल्या वस्तीच्या बोअरवेलवर कातकरी बाई कळशी घेऊन आली, तर तिला शेवटीं उभें करतात काय? ह्याचें उत्तर प्रत्येक मंडळीच्या वडिलांनीं आपापल्या ठिकाणीं द्यावें. जो आपल्या दारच्या पाण्यावर न्याय करीत नाहीं त्यानें धरणाच्या पाण्याविषयीं बोलूं नये.

हेटवण्याच्याच बाजूस, पेण तालुक्यांतील गागोदें गांवीं, १८९५ सालीं विनोबा भावे ह्यांचा जन्म झाला. पुढें १९५१ पासून त्यांनीं गांवोगांव पायीं हिंडून भूमि मागितली, ती भूमिहीनांसाठीं. भूमि ही हवापाण्यासारखी देवाची आहे, कोणा एकाची नव्हे, असें ते सांगत. पृथ्वी व तिच्यांतील सर्व कांहीं परमेश्वराचें आहे ही शिकवण चोविसाव्या स्तोत्रापासून आपल्यापाशीं आहे. ते हजारों कोस पायीं चालले, आणि तें चालणें दुसऱ्याच्या वांट्यासाठीं होतें. आपलें चालणेंही ह्याच जातीचें होऊं शकेल. सृष्टीची शोभा पाहावयास निघालेला मनुष्य वाटेंतील वाडींत दोन घटका बसला, कोणाचें सुखदुःख ऐकून घेतलें, तर त्याचा विसावाही होतो आणि सेवाही होते.

तेविसावें स्तोत्र आपण सर्वांनीं लहानपणीं पाठ केलें आहे. त्यांतील मेंढपाळ मेंढराला संथ पाण्यापाशीं नेतो. मेंढपाळाचें काम ज्यानें पाहिलें आहे त्यास हें ठाऊक आहे कीं, कोणताही मेंढपाळ एकाच मेंढरास पाण्यावर नेत नाहीं. सारा कळप नेतो, आणि मागें राहिलेल्या लंगड्या मेंढरासाठीं थांबतो. तेव्हां प्रचारक बंधूंनीं तरुणांस तळ्याकांठीं जाण्याची मनाई करूं नये, आणि जाऊन आलेल्यांस मोकळेंही सोडूं नये. संध्याकाळच्या प्रार्थनासभेंत त्यांस विचारावें : काय पाहिलें? कोण भेटलें? तें पाणी कोठें जातें, आणि कोठें जात नाहीं? मग त्या सर्वांसाठीं नांवें घेऊन प्रार्थना करावी. पुढल्या आठवड्यांत त्यांतील एका तरी घराची घागर भरावी म्हणून कोणी काय करावयाचें, हें त्याच सभेंत ठरवून मगच उठावें.